आरसी मोटारीत डिजिटल सर्वो बसवताना

रेडिओ नियंत्रित (आरसी) मोटारीच्या स्टिअरिंगचा जुना सर्वो, म्हणजे आज्ञेनुसार चाके वळवणारी मोटरची छोटी डबी, निकामी झाला, की बहुतेक जण अधिक टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याचा जोर जास्त असलेला, डिजिटल सर्वो आणतात, जुन्याच्या जागी स्क्रूंनी आवळतात आणि लगेच मोटार पळवायला काढतात. माझा पहिला डिजिटल सर्वो मी असाच बसवला आणि चौथ्या की पाचव्या बॅटरीला तो जळाल्याचा वास आला. सर्वोत दोष नव्हता. पूर्ण डावीकडे वळवले की त्या बाजूचे चाक चासीच्या कडेला टेकत होते. जुना ॲनालॉग सर्वो तेथे पोहोचला की जोर संपून गप्प राहत असे, म्हणून वर्षभर मला ते कळलेच नव्हते. नव्या सर्वोला मात्र आणखी दोन अंश वळण्याची आज्ञा मिळालेली होती आणि ती पाळण्यासाठी तो चासीला ढकलतच राहिला. डिजिटल सर्वो माघार घेत नाही. म्हणून तो बसवण्याचे खरे काम त्याच्या भोवतालच्या गोष्टी नीट करण्याचे असते.

कोणत्याही सर्वोच्या डबीत एक छोटी मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर, बाहेरच्या दांड्याची जागा सांगणारा पोटेन्शिओमीटर आणि या सर्वांवर लक्ष ठेवणारे सर्किट असते. हातातल्या ट्रान्समीटरचा संदेश पकडणाऱ्या रिसीव्हरकडून या सर्किटला साधारणपणे दर 20 मिलीसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला 50 वेळा, एक विद्युत स्पंद मिळतो. स्पंद 1500 मायक्रोसेकंदांचा असेल तर दांडा मध्यावर उभा राहतो. तो 1000 कडे आखडला किंवा 2000 कडे लांबला, की दांडा एका किंवा दुसऱ्या बाजूला फिरतो. हा संदेश ॲनालॉग आणि डिजिटल सर्वोंसाठी सारखाच असतो. त्यामुळे डिजिटल सर्वोसाठी नवा रेडिओ घ्यावा लागतो हा समज चुकीचा आहे. फरक पडतो तो संदेश मिळाल्यानंतर डबीच्या आत काय घडते त्यात.

ॲनालॉग सर्वोत मोटरला वीज त्याच ठेक्यावर, सेकंदाला 50 वेळा दिली जाते. दांडा इच्छित जागेपासून बराच दूर असेल तर प्रत्येक वेळी दिलेला झटका लांब असतो, पण अंतर अगदी थोडे उरले असेल तर तो झटका इतका आखूड होतो की मोटर जेमतेम हलते आणि पुढचा झटका येईपर्यंत जवळजवळ 20 मिलीसेकंद ती निर्जीव असते. स्टिअरिंग मध्यावर असताना चाकांना खड्ड्याचा किंवा दगडाचा धक्का बसला, की ॲनालॉग सर्वो ढिला वाटतो तो यामुळेच. डिजिटल सर्वोतील मायक्रोप्रोसेसर मोटरला सेकंदाला 300 किंवा त्याहून अधिक वेळा वीज देतो, म्हणजे दोन झटक्यांमधील अंतर सुमारे 3 मिलीसेकंदांवर येते. शिवाय त्याचा डेडबँड, म्हणजे ज्या सूक्ष्म फरकाकडे सर्वो दुर्लक्ष करतो तो पट्टा, अरुंद असतो. ॲनालॉग सर्वोत तो बहुधा 5 ते 8 मायक्रोसेकंदांचा, तर चांगल्या डिजिटल सर्वोत 1 ते 3 मायक्रोसेकंदांचा आढळतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे दांड्याचा साधारण दशांश अंश, हे लक्षात घेतले की सरळ रेषेत धावणारी मोटार डिजिटल सर्वोने अधिक स्थिर का वाटते ते समजते. या ताठपणाची किंमत करंटच्या रूपाने मोजावी लागते, आणि उभ्या मोटारीतूनही येणारी बारीक गुणगुण ही त्या अखंड दुरुस्तीचीच खूण असते.

निवड करताना

डब्यावर टॉर्क आणि वेग असे दोन आकडे ठळक छापलेले असतात आणि ते जसेच्या तसे मनावर घेण्यासारखे नसतात. टॉर्कचा आकडा सर्वो पूर्ण अडकलेला असतानाचा असतो, तर वेगाचा आकडा त्याच्यावर काहीही भार नसतानाचा; प्रत्यक्ष धावताना सर्वो या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी काम करतो. टॉर्क किलोग्रॅम-सेंटिमीटरमध्ये सांगतात. 12 किलोग्रॅम-सेंटिमीटरचा सर्वो दांड्याच्या केंद्रापासून 1 सेंटिमीटरवर 12 किलोग्रॅमचा, पण 2 सेंटिमीटर लांबीच्या हॉर्नच्या (दांड्यावर बसणाऱ्या हाताच्या) टोकाला फक्त 6 किलोग्रॅमचा जोर लावू शकतो. म्हणून हॉर्न विनाकारण लांब घेऊ नये. शिवाय हे दोन्ही आकडे व्होल्टेजप्रमाणे बदलतात. आपली मोटार सर्वोला 6 व्होल्ट देत असेल तर 7.4 व्होल्टच्या रकान्यातील आकड्यांचा आपल्याला उपयोग नाही.

वेग 60 अंश फिरायला लागणाऱ्या सेकंदांत देतात. 0.10 चा सर्वो 30 अंश फिरायला 0.05 सेकंद घेतो आणि 0.20 चा 0.10 सेकंद. मोटार ताशी 36 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला 10 मीटर धावत असेल, तर पहिल्या सर्वोचे वळण पूर्ण होईपर्यंत ती अर्धा मीटर पुढे गेलेली असते आणि दुसऱ्याचे होईपर्यंत पूर्ण एक मीटर. गुळगुळीत ट्रॅकवरच्या 1:10 प्रमाणाच्या मोटारीला म्हणूनच वेग महत्त्वाचा. तिला 8 ते 12 किलोग्रॅम-सेंटिमीटर टॉर्क पुरतो. त्याच प्रमाणाच्या बग्गीला 10 ते 15, मोठ्या चाकांच्या 1:8 बग्गीला 20 किंवा अधिक टॉर्क असलेला बरा. दगडांवरून रांगणाऱ्या क्रॉलरचे चाक दोन खडकांच्या फटीत अडकलेले असतानाच वळवावे लागते, म्हणून तेथे 25 पासून पुढचे सर्वो वापरतात आणि वेगाची कोणी फारशी चौकशी करत नाही.

प्लॅस्टिकचे गिअर डिजिटल सर्वोत असले तरी धक्के खाणाऱ्या मोटारीत ते घेऊ नयेत. सर्वो स्वतः ताठ राहिला की धक्क्याचा सारा मार दातांवर येतो. घेण्यापूर्वी जागा मोजावी: प्रमाण आकाराचा सर्वो सुमारे 40 मिलिमीटर लांब, 20 रुंद आणि 38 उंच असतो, तर अनेक ट्रॅक मोटारींत बुटका, सुमारे 26 मिलिमीटर उंचीचाच बसतो. दांड्यावरचे दातेही मोजावेत. फुटाबा कंपनीच्या पद्धतीत 25, हायटेकच्या पद्धतीत 24 आणि जेआर, सान्वा व केओ प्रोपो यांच्या पद्धतीत 23 दाते असतात. 24 दात्यांचा हॉर्न 25 दात्यांच्या दांड्यावर जोर लावला तर चढल्यासारखा वाटतो, आणि पहिल्याच जोराच्या वळणात फिरून जातो.

वीज पुरते का ते आधी पाहावे

सर्वोला वीज मिळते ती ईएससीमधील (मोटार पळवणाऱ्या मुख्य मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या सर्किटमधील) बीईसी या भागातून, रिसीव्हरमार्गे. मुख्य बॅटरीचा दाब उतरवून 5, 6 किंवा 7.4 व्होल्ट देणे हे बीईसीचे काम. नव्या मोटारीसोबत आलेल्या साध्या ईएससीचा बीईसी बऱ्याचदा 1 ते 2 अँपिअरचाच असतो, कारण सोबत आलेल्या ॲनालॉग सर्वोला तेवढे पुरत असे. दमदार डिजिटल सर्वो क्षणभर अडकला तर 3 अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढतो. तेवढा करंट बीईसी देऊ शकला नाही तर व्होल्टेज कोसळते, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि त्या दरम्यान भरधाव मोटारीला कोणीच चालक नसतो. अशा प्रसंगी रेडिओची रेंज कमी आहे असा निष्कर्ष काढून अँटेना हलवत बसणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. मोटार उंचावर ठेवून चाके मोकळी ठेवावीत, स्टिअरिंग वेगाने डावी-उजवीकडे फिरवत त्याच वेळी वेग आणि ब्रेक आलटून पालटून द्यावेत आणि रिसीव्हरच्या दिव्याकडे पाहावे. दिवा क्षणभर जरी विझला किंवा लुकलुकला तरी वीज अपुरी आहे. नंतर हीच चाचणी मोटार जमिनीवर, खरबरीत जागी उभी करून केवळ स्टिअरिंगवर करावी, कारण तेथे टायरचे घर्षण सर्वोला खरा भार देते. साध्या मल्टिमीटरवर विसंबू नये; काही मिलीसेकंदांची घसरण त्याच्या आकड्यांत दिसतच नाही. टेलिमेट्री असलेला, म्हणजे मोटारीतील आकडे ट्रान्समीटरकडे परत पाठवणारा, रिसीव्हर असेल तर त्यात नोंदलेले किमान व्होल्टेज पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते.

रिसीव्हरच्या रिकाम्या जागेत कपॅसिटर लावण्याचा उपाय सर्वत्र सुचवला जातो. तो उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा आकड्यांत पाहावी: 4700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व्होल्टेज 1 व्होल्टने उतरेपर्यंत 1 अँपिअरचा करंट सुमारे 5 मिलीसेकंद पुरवतो. म्हणजे सर्वो दिशा बदलताना पडणारी क्षणिक खोट तो भरून काढतो. मुळात दुबळ्या बीईसीला तो बलवान करत नाही. लावताना त्याची धन आणि ऋण बाजू तपासावी आणि तो किमान 10 व्होल्टचा, शक्यतो 16 व्होल्टचा घ्यावा. खरी कमतरता असेल तर स्वतंत्र बीईसी बसवावा, आणि तो स्विचिंग प्रकारचा असावा. लिनिअर प्रकारात उतरवलेला दाब सगळा उष्णतेत जातो: तीन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचे 11.1 व्होल्ट 6 वर आणून 2 अँपिअर दिले, तर त्या चिमुकल्या भागात 10 वॅटहून अधिक उष्णता तयार होते. बाहेरचा बीईसी रिसीव्हरला जोडताना ईएससीच्या प्लगमधील मधली लाल तार काढून तिचे टोक टेपने झाकावे, म्हणजे दोन बीईसी एकमेकांशी भांडणार नाहीत.

जास्त व्होल्टेजचे म्हणून विकले जाणारे सर्वो दोन सेलच्या लिपोवर थेट चालतात. पूर्ण भरलेल्या अशा बॅटरीचा दाब 7.4 नव्हे तर 8.4 व्होल्ट असतो, आणि सर्वोच्या माहितीपत्रकात तो आकडा मान्य केलेला असेल तरच हा मार्ग धरावा. क्रॉलरमध्ये पुष्कळ जण सर्वोची लाल आणि काळी तार थेट बॅटरीकडे नेतात आणि रिसीव्हरकडून केवळ संदेशाची तार घेतात. तसे करताना रिसीव्हर आणि सर्वो यांची ऋण तार एकमेकांना जोडलेली राहिलीच पाहिजे. ती तुटली तर संदेशाला आधारच उरत नाही आणि सर्वो वेड्यासारखा थरथरतो. संदेशाची तार पांढरी, पिवळी किंवा नारिंगी आणि ऋण तार काळी किंवा तपकिरी असते. लाल तार मध्ये असल्यामुळे प्लग उलटा लागला तरी सर्वो बहुधा वाचतो, पण त्या भरवशावर राहू नये.

स्टिअरिंग हाताने तपासणे

सर्वो बसवण्यापूर्वी त्याला चाकांशी जोडणारी लिंक सोडावी आणि चाके बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून पाहावीत. ती कुठेही न अडखळता, जवळजवळ स्वतःच्या वजनाने हलली पाहिजेत. बॉल जॉइंट घट्ट असेल तर प्लॅस्टिकची वाटी पक्कडीने हलकेच दाबून मोकळी करावी. बेअरिंगमध्ये धूळ असेल तर ती काढावी. हीच तपासणी सस्पेन्शन पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून पुन्हा करावी, कारण काही मोटारींत चाक वर गेल्यावरच लिंक चासीला घासते. उलट बाजूने, जॉइंटमध्ये ढिलाई असेल तर डिजिटल सर्वोचा सूक्ष्मपणा वायाच जातो. दशांश अंशाची अचूकता आणि लिंकमध्ये दोन अंशांची खडखड हे गणित जुळत नाही.

सर्वो-सेव्हर हा स्प्रिंगचा भाग धक्का शोषून गिअर वाचवतो, आणि जुन्या दुबळ्या सर्वोसोबतचा सेव्हर नव्या सर्वोसाठी बहुधा फार मऊ असतो. मोटार जमिनीवर उभी करून स्टिअरिंग फिरवावे: हॉर्न पूर्ण फिरला आणि चाके मागे रेंगाळली, तर स्प्रिंग कडक करावी किंवा बदलावी. मात्र चाकाला हाताने जोराचा झटका दिल्यावर सेव्हर थोडा तरी दबला पाहिजे. गुळगुळीत ट्रॅकवरच्या मोटारींत काही जण सेव्हर काढून थेट धातूचा हॉर्न लावतात. कठड्यावर आदळण्याची शक्यता असलेल्या कोणालाही मी तसे सुचवणार नाही.

मध्य आणि टोके

आता ट्रान्समीटर आधी आणि मोटार नंतर सुरू करावी. ट्रिम आणि सबट्रिम, म्हणजे ट्रान्समीटरमधून सर्वोचा मध्य सरकवणाऱ्या मांडण्या, शून्यावर आणाव्यात, हॉर्न न लावताच सर्वो जोडावा आणि त्याला मध्यावर येऊ द्यावे. मग हॉर्न लिंकशी जास्तीत जास्त काटकोनात बसेल अशा दात्यावर ठेवावा. 25 दाते म्हणजे एका दात्याला 14.4 अंश, त्यामुळे तो नेमका काटकोनात क्वचितच बसतो. उरलेला फरक सबट्रिमने काढावा. तो फार मोठा निघाला तर हॉर्न एक दाता सरकवून पाहावा, कारण सबट्रिम भरमसाट वापरला की एका बाजूचे वळण दुसऱ्यापेक्षा कमी उरते. मोटार सरळ जावी यासाठी चाके जुळवायची ती लिंकची लांबी बदलून, ट्रिमने नव्हे. धातूच्या दांड्यात बसणाऱ्या यंत्र-स्क्रूला थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाचा, एक थेंब लावावा. प्लॅस्टिकच्या भागावर तो पडू देऊ नये, प्लॅस्टिक त्याने तडकू शकते.

यानंतरची पायरी घाईत उरकली जाते आणि सर्वाधिक सर्वो तिच्यामुळेच मरतात. ट्रान्समीटरमध्ये एंड पॉइंट, ईपीए, एटीव्ही किंवा ट्रॅव्हल अशा नावाची जी मांडणी असते, ती सर्वो प्रत्येक बाजूला किती फिरेल ते ठरवते. ड्युअल रेट, म्हणजे एकूण वळण कमी-जास्त करणारी मांडणी, आधी 100 टक्क्यांवर ठेवावा. तो 70 वर असताना एंड पॉइंट जुळवले आणि पुढे कधीतरी तो वाढवला, तर केलेली सारी जुळणी फसते. दोन्ही बाजूंचे एंड पॉइंट 50 टक्क्यांच्या आसपास खाली आणून सुरुवात करावी. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण धरून आकडा हळूहळू वाढवत न्यावा आणि चाकाच्या नॅकलकडे, म्हणजे चाक धरून वळणाऱ्या भागाकडे, डोळे लावून बसावे. नॅकल आपल्या आडकाठीला टेकला की आकडा वाढवूनही चाक हलत नाही आणि गुणगुणीचा आवाज एकदम जड होतो. तेथून आकडा मागे घ्यावा, आवाज पुन्हा हलका होईपर्यंत, आणि त्यानंतरही एक-दोन टक्के आणखी. दुसऱ्या बाजूला हेच पुन्हा करावे. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे येतील अशी अपेक्षा ठेवू नये. शेवटी सस्पेन्शन दाबून दोन्ही टोके परत तपासावीत.

हे एक-दोन टक्के कशासाठी, असा प्रश्न पडतो. 6 व्होल्टवर 3 अँपिअर ओढत अडकून राहिलेला सर्वो 18 वॅट वीज घेतो, आणि दांडा हलत नसल्यामुळे तिची सगळी उष्णताच होते. काडेपेटीहून थोड्याशा मोठ्या बंद डबीत ती जायला जागा नसते. एका लांब वळणात दोन-तीन सेकंद, असे प्रत्येक फेरीत, एवढ्यानेच मोटरची वेटोळी किंवा सर्किटमधील ट्रान्झिस्टर जळायला पुरेसे होते. नायट्रो (द्रव इंधनाच्या इंजिनावर चालणाऱ्या) मोटारीच्या थ्रॉटल आणि ब्रेकच्या सर्वोलाही हाच नियम लागू आहे: कार्ब्युरेटर पूर्ण उघडल्यावर आणि ब्रेक घट्ट बसल्यावर सर्वोने आणखी ढकलत राहता कामा नये.

रेडिओतील वेगवान मोड

काही ट्रान्समीटर रिसीव्हरकडून सर्वोला नेहमीपेक्षा बऱ्याच जलद गतीने स्पंद पाठवू शकतात. असा मोड लावल्यावर हाताच्या हालचालीला चाकाचा प्रतिसाद अधिक तत्पर वाटतो, पण ॲनालॉग सर्वोला तो लावला तर सर्वो तापून जळतो. सान्वाच्या एसएसआर किंवा फुटाबाच्या एसआरसारखे मोड तर सर्व डिजिटल सर्वोंनाही चालत नाहीत; त्यासाठी खास बनवलेले सर्वोच लागतात. माहितीपत्रकात स्पष्ट उल्लेख नसेल तर साध्या मोडवर राहावे. स्टिअरिंगसाठी डिजिटल आणि थ्रॉटलसाठी जुना ॲनालॉग सर्वो असेल, तर मोड प्रत्येक चॅनलला वेगळा ठेवता येतो का तेही पाहावे.

मागील चाकांवर चालणाऱ्या ड्रिफ्ट मोटारींत (मुद्दाम घसरत वळणाऱ्या मोटारींत) जायरो, म्हणजे मोटार फिरू लागली की स्टिअरिंग आपोआप सावरणारा भाग, वापरतात आणि तेथे जलद डिजिटल सर्वोला पर्याय नाही. जायरोचा गेन, म्हणजे तो किती जोराने सावरतो ते प्रमाण, वाढवताना पुढची चाके सरळ रस्त्यावर वळवळू लागली, की गेन थोडा मागे घ्यावा.

प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्वोंत डेडबँड, वेग, मध्य, टोके आणि अडकल्यावर जोर कमी करणारे संरक्षण यांची मांडणी कार्डाने किंवा संगणकाने बदलता येते. संरक्षण चालू ठेवावे. इतर आकडे आठवडाभर मोटार चालवून झाल्याशिवाय बदलू नयेत, आणि बदलले तर एका वेळी एकच.

दोष ओळखणे

उभ्या मोटारीत हलकी गुणगुण असणे स्वाभाविक आहे. ती जड आणि अखंड असेल तर लिंक कुठेतरी ताणली जात आहे, आणि लिंक सोडल्यावर आवाज थांबला तर खात्री पटते. लिंक सोडूनही सर्वो मध्याभोवती डुलत राहिला तर डेडबँड फार अरुंद आहे किंवा पोटेन्शिओमीटर झिजला आहे. वेग दिल्यावरच सर्वो थरथरत असेल तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. ब्रशच्या मोटरवर गोंगाट दाबणारे 0.1 मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर सोल्डर केलेले आहेत ना, तेही पाहावे. फिरताना एका ठरावीक जागी कडक किंवा उडी मारल्यासारखे वाटले तर गिअरचा दाता तुटलेला असतो.

पहिल्यांदा धावून आल्यावर पाच मिनिटांनी थांबून सर्वोच्या डबीला बोट लावावे. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर एंड पॉइंट आणि लिंक पुन्हा तपासल्याशिवाय पुढे चालवू नये. चिखलात वापरलेल्या मोटारीचा सर्वो जलरोधक म्हणवला जात असला तरी तो पुसून, वाळवून ठेवावा आणि दांड्याच्या मुळाशी थोडे ग्रीस लावावे. बहुतेक चांगल्या सर्वोंसाठी गिअरचा संच वेगळा मिळतो. तो बदलण्यासाठी वरचे झाकण उघडताना गिअर आपल्या जागेवर असतानाच त्यांचा फोटो काढावा, कारण झाकणाला चिकटून वर आलेला एखादा गिअर टेबलावर पडला की तो कोणत्या पिनवर होता हे नंतर सहजी आठवत नाही.